ताईनं गाळलेलं वाक्य: कर्णबधिर भाऊ, ऐकणारी बहीण आणि वडिलांचं आजारपण

समुपदेशनासाठी आलेल्या एका कुटुंबाचं हे प्रकरण आहे. नावं बदलली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा फिरवले आहेत. दोन्ही भावंडांनी मसुदा वाचून संमती दिली. समीरनं दोन ठिकाणी हरकत घेतली होती, ती वाक्यं त्यानं सांगितल्याप्रमाणे बदलली.

पार्श्वभूमी

शलाका ३४ वर्षांची, समीर ३० वर्षांचा. समीर जन्मतः कर्णबधिर. घरात बाकी कुणालाच ऐकण्याचा त्रास नाही. यात नवल काही नाही, कारण कर्णबधिर मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मुलं ऐकणाऱ्या आईवडिलांच्या पोटीच जन्मतात.

निदान झालं तेव्हा समीर १४ महिन्यांचा होता. त्या वेळी आईवडिलांना ठाम सल्ला मिळाला, 'घरात हातवारे करू नका, नाहीतर मूल बोलायला शिकणार नाही.' या सल्ल्याचं मूळ फार जुनं आहे. १८८० साली मिलान इथे कर्णबधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि तिनं साईनला, म्हणजे हातांच्या खुणांच्या भाषेला, वर्गाबाहेर काढायचा ठराव केला. पुढे २०१० साली व्हँकुव्हरला भरलेल्या त्याच परिषदेनं त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त केला. तोवर जगभरच्या कितीतरी घरांतून हा सल्ला देऊन झाला होता. या घरानंही तो निमूट पाळला.

समीर निवासी शाळेत गेला आणि तिथे मोठ्या मुलांकडून साईन शिकला. सुट्टीत घरी आला की गच्चीवर बसून बहिणीला शिकवायचा. ती दहा वर्षांची होती, पटापट उचलायची. आईवडील त्याच्याशी ओठ नीट हलवत, सावकाश, छोट्या वाक्यांत बोलत राहिले. ओठ वाचण्यात किती अंदाजपंचे असतं हे आरशासमोर उभं राहून 'पाट', 'बाट', 'माट' म्हणून पाहिलं की लगेच कळतं: तिन्हींचा पहिला आकार एकच. क आणि ग तर घशाजवळच होतात, ओठांवर येतच नाहीत. त्यामुळे घरातलं रोजचं निभायचं. त्यापलीकडचं सगळं, म्हणजे पाहुण्यांच्या गप्पा, फोन, बँक, भांडणं, कुणाच्या विनोदावर सगळे का हसले, हे शलाकामार्फत जायचं.

घरात तिला कौतुकानं 'समीरचा आवाज' म्हणत. तिलाही ते आवडायचं.

समस्या

वडिलांना फुप्फुसाचा कर्करोग झाला. उपचारांच्या तिसऱ्या टप्प्यानंतर डॉक्टरांनी कुटुंबाला बोलावलं. आजार हटत नाही, आता औषधांचा मारा थांबवून त्रास कमी करण्याकडे वळावं आणि उरलेला वेळ महिन्यांत मोजावा लागेल, असं त्यांनी सांगितलं. दहा-बारा मिनिटं ते बोलत होते. शलाकानं भावाला साईनमध्ये सांगितलं, 'औषध बदलणार आहेत. अशक्तपणा येईल. विश्रांती हवी.'

समीरनं तिथल्या तिथे विचारलं, 'इतका वेळ बोलले आणि एवढंच?' तिनं उत्तर दिलं, 'बाकी तेच तेच.'

सहा आठवड्यांनी विम्याच्या कागदपत्रांसाठी फाइल चाळताना त्याला रुग्णालयाचं पत्र सापडलं. तारीख त्याच दिवसाची. त्यात 'पॅलिएटिव्ह' (आजार हटवण्याऐवजी त्रास कमी करणारे उपचार) हा शब्द होता आणि कुटुंबाला पूर्ण कल्पना दिल्याची नोंद होती. मधल्या सहा आठवड्यांत तो कामाच्या दौऱ्यावर जाऊन आला होता. वडिलांना तेव्हा ऑक्सिजनचा मास्क लागला होता, म्हणजे ओठ दिसणंही बंद झालं होतं. बापलेकांत जो काही तुटपुंजा संवाद होता, तो त्याच काळात संपला.

कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यानं एक ओळ टाकली: 'यापुढे ताईनं माझ्यासाठी कुणालाही काहीही सांगू नये आणि माझ्या वतीनं काहीही बोलू नये.' त्यानंतर तो तिच्याशी बोलेना. शलाका माझ्याकडे आली ती ही ओळ दाखवतच.

दोघांशी बोलल्यावर पुढे आलेलं

शलाकाची पहिली बाजू अपेक्षित होती: मी त्याला वाचवलं. 'मला घरी जाऊन रडायला नवरा होता. तो त्याच्या खोलीत एकटा बसला असता.' हे खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. नेमकं काय झालं ते करून दाखवा, असं मी सुचवलं. डॉक्टरांचं वाक्य तिला शब्दशः आठवत होतं. ते साईनमध्ये मांडायला तिनं हात उचलले, 'बाबा'पर्यंत आली आणि हात मांडीवर पडले. दुसऱ्यांदाही तसंच झालं. मुलगी म्हणून ती बातमी पहिल्यांदा ऐकत असताना, त्याच क्षणी तिनं ती स्वतःच्या हातांनी भावापुढे उभी करावी, अशी त्या खोलीतल्या प्रत्येकाची अपेक्षा होती. तिला ते झेपतंय का, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

त्याखाली आणखी एक थर होता आणि तो तिनं बऱ्याच उशिरा उघड केला. समीर तान्हा असताना मत्सरापोटी तिनं त्याच्या कानाशी स्टीलचं झाकण जोरात आपटलं होतं. थोड्याच दिवसांत घरात 'बाळाला ऐकू येत नाही' अशी कुजबुज सुरू झाली. साडेचार वर्षांच्या मुलीनं दोन्हीचा संबंध जोडला आणि मनात पुरून टाकला. पुढे स्वतःच्या बाळाचा विचार सुरू झाला तेव्हा तिनं जनुकीय तपासणी करून घेतली, समीरचीही झाली. समीरच्या बहिरेपणाचं कारण जीजेबी-२ या जनुकात निघालं. आईवडील दोघांकडेही त्याची एकेक सदोष प्रत होती. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाला चारात एक या प्रमाणात बहिरेपणाची शक्यता असते, आणि जे भावंड ऐकतं त्याच्याकडेही एक सदोष प्रत असण्याची शक्यता तीनात दोन. शलाकाकडे ती होती. अहवालानं झाकणाचा आरोप खोडून काढला, पण अपराधीपणाला दुसरा आधार मिळाला. ती म्हणाली, 'म्हणजे नुसतं नशीब. माझी चिठ्ठी चांगली निघाली, त्याची नाही.'

झाकणाचा उलगडा पुढे आईकडून झाला, तोही सहज बोलता बोलता. 'अगं, तुझ्या आधी आम्हीच वाजवत होतो की! ताट, चमचे, किल्ल्यांचा जुडगा. हा वळून बघतो का ते पाहायला. तू आमचं बघून झाकण आणलंस.' घरात शंका आधीपासून होती आणि मुलगी मोठ्यांची नक्कल करत होती. तीस वर्षं तिच्या आठवणीत कारण आणि परिणाम उलटे लागले होते. आईला हे सगळं नवीन होतं. ती बराच वेळ शलाकाकडे नुसती पाहत राहिली, मग म्हणाली, 'एकदा विचारायचंस तरी.'

समीरशी बोलणं झालं ते व्यावसायिक दुभाषीच्या मदतीनं. तो एका कंपनीत फर्निचरचे आराखडे करतो, त्याच्या विभागाचा प्रमुख आहे. फाइलबद्दल तो मोजकंच बोलला. त्याची तक्रार जुनी होती. कंपनीनं त्याचा सत्कार केला तेव्हा त्याचं भाषण शलाकानं बोलून दाखवलं होतं. तो म्हणाला होता, 'पहिली तीन वर्षं मला एकाही मीटिंगला बोलावलं नाही.' सभागृहाला ऐकू गेलं ते असं: 'सुरुवातीला थोडं अवघड गेलं, पण सगळ्यांनी सांभाळून घेतलं.' टाळ्या पडल्या. नंतर लोक शलाकापाशी येऊन डोळे पुसत होते, किती करता तुम्ही भावासाठी म्हणून. तिनं सांगितलं, 'मला त्याचा फार अभिमान आहे.' आपलं वाक्य बदललं गेल्याचं समीरला पुढच्या आठवड्यात एका सहकाऱ्याकडून कळलं.

तेव्हाच जाब का विचारला नाही? यावर त्यानं जे सांगितलं त्यावर माझ्या मते हे सगळं प्रकरण उभं आहे. 'ताईनं माझ्यासाठी मैत्रिणी सोडल्या, सहली सोडल्या. आईबाबांचा सगळा वेळ मी खाल्ला. तिच्यावर रागवायची मला परवानगी नव्हती.'

म्हणजे अपराधी दोघंही होते. ती ऐकू येतं म्हणून, आणि तो तिचं बालपण खर्ची पडलं म्हणून. तिनं आपलं देणं सेवा करून फेडायला घेतलं, त्यानं गप्प राहून. अभिमान या व्यवहारात सोयीचा होता. 'मला त्याचा अभिमान आहे' म्हटलं की भाषणातली कात्री कुणाला दिसत नाही, आणि 'ताईमुळे मी आहे' म्हटलं की तक्रारीला जागा उरत नाही. ग्रुपवरची ती ओळ घरच्यांना कृतघ्नपणा वाटली. मला ती या दोघांमधली पहिली बरोबरीची गोष्ट वाटली.

पर्याय

वेळ कमी होता, कारण वडिलांची तब्येत झपाट्यानं उतरत होती. त्यामुळे आधी भावंडांचं मन मोकळं करून मग व्यवहार बघू, हा नेहमीचा क्रम परवडणारा नव्हता.

शलाकानं मांडलेला मार्ग म्हणजे माफी मागायची, यापुढे काहीही गाळणार नाही असं वचन द्यायचं आणि पूर्ववत काम सुरू ठेवायचं. आईलाही हाच हवा होता. अडचण अशी की वचन पाळलं तरी पुढची वाईट बातमी पुन्हा त्याच हातांना सांगावी लागणार होती, आणि ते हात 'बाबा'पुढे सरकत नव्हते.

समीरला ताई पूर्ण बाजूला हवी होती. डॉक्टरांशी तो लिहून बोलेल. मी यातली जोखीम मांडली: वैद्यकीय मराठी किंवा इंग्रजी मजकूर लिहून देणं-घेणं चालतं, पण डॉक्टर लिहिताना दहा वाक्यांचं एक करतात. म्हणजे कात्री राहतेच, फक्त ती दुसऱ्याच्या हातात जाते. आणि वडिलांना आता लिहिणं जमत नव्हतं.

आईनं साईन शिकावी हा विचारही आला. तो योग्य होता, पण काही आठवड्यांत हाती लागणारा नव्हता.

उरला व्यावसायिक दुभाषीचा पर्याय. डॉक्टरांच्या प्रत्येक भेटीला आणि वडील-मुलाच्या बोलण्यालाही. याला दोन अडथळे होते. एक, आईचं म्हणणं, 'घरातलं परक्यासमोर कसं बोलायचं?' दुसरा अडथळा खुद्द शलाका. ती म्हणाली, 'चोवीस वर्षं मी केलं तेव्हा कुणाला दुभाषी आठवला नाही.' या वाक्यात दुखावलेला मान होता, आणि तो न्याय्य होता. तो खोडण्याऐवजी मी तिला विचारलं की वडिलांच्या खाटेपाशी तिला स्वतःला काय बोलायचं आहे. ती गप्प झाली. आजारपण सुरू झाल्यापासून ती त्यांच्याशी स्वतःपुरतं काहीच बोलली नव्हती; जाईल तिथे दोघांच्या मध्ये उभी असायची.

निर्णय तिथे वळला. दुभाषी आली तर तिची जागा जात नव्हती, तिला मुलीची खुर्ची मिळत होती.

केलेली कृती

रुग्णालयाला समीरनं स्वतः पत्र लिहिलं. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारात साईन ही भाषा म्हणून मान्य आहे आणि आरोग्याची माहिती समजेल अशा रीतीनं मिळणं हाही त्याच कराराचा भाग आहे, याचा उल्लेख त्यानं केला. अमेरिकेत २०१० च्या सुधारित नियमांनुसार तर आणीबाणीचा प्रसंग किंवा त्या व्यक्तीचीच तशी इच्छा असल्याखेरीज सोबत आलेल्या नातेवाइकावर दुभाष्याचं काम टाकता येत नाही; हे उदाहरणही त्यानं जोडलं. रुग्णालयानं भेटींची वेळ वाढवून दिली. दुभाषी मात्र कुटुंबानंच आणावी लागली, कधी प्रत्यक्ष, कधी व्हिडिओवरून.

पहिल्याच भेटीत वडील सवयीनं दुभाषीकडे तोंड करून म्हणाले, 'त्याला सांगा, काळजी करू नकोस म्हणावं.' तिनं ते जसंच्या तसं, 'त्याला सांगा'सकट, साईनमध्ये मांडलं. समीरचं उत्तर तिच्या तोंडून आलं, 'मलाच सांगा, मी समोर आहे.' वडिलांनी मान वळवली. मास्क किंचित बाजूला केला आणि त्याच्याकडे बघून बोलायला लागले.

शलाका त्या वेळी कोपऱ्यात होती. दुभाषीची एखादी खूण तिला पटली नाही की तिचे हात आपसूक वर यायचे. शेवटी ती दोन्ही तळवे मांडीखाली घेऊन बसली.

दोघांची थेट भेट त्यानंतर ठेवली. आधी ठेवली असती तर पुन्हा माफी आणि उपकार यांतच फिरली असती, असा माझा अंदाज होता. भेटीत शलाकानं झाकणाची गोष्ट सांगितली. समीर आधी हसला. मग चिडला, आणि ते चिडणं महत्त्वाचं. 'म्हणजे इतकी वर्षं माझ्याशी चांगली वागलीस ती त्या झाकणामुळे?' तिनं नाही म्हटलं नाही. म्हणाली, 'थोडं त्यामुळे. थोडं तू आवडतोस म्हणून. मला वेगळं करता येत नाही.' यावर तो बराच वेळ काहीच बोलला नाही. पण उठूनही गेला नाही.

त्या भेटीत एक साधा करार झाला. तिनं त्याच्यासाठी बोलायचं तर सगळं, नाहीतर काहीच नाही. तिला नको असेल तेव्हा 'आज नको' म्हणायचं आणि कारण द्यायचं नाही. त्याचं भाषण तो वाचून मंजूर करणार.

निष्पत्ती

वडील चार महिन्यांनी गेले. त्याआधी समीर त्यांच्याशी दुभाषीच्या मदतीनं अनेकदा बोलला. एका भेटीला त्यानं शलाकाला बाहेर थांबायला सांगितलं. आत काय बोलणं झालं हे तिला आजही माहीत नाही. दुभाषी सांगणार नाही, तो तिच्या कामाचा नियम आहे. समीर सांगत नाही. शलाकानं मला दोनदा आडून विचारलं. ठाऊक असतं तरी मी सांगितलं नसतं, पण मलाही ते ठाऊक नाही. ही गोष्ट तिला खुपते. समीरच्या आयुष्यात अशी दारं रोजच बंद असत, हे तिच्या आपोआप लक्षात आलं, मी सुचवलं नव्हतं. त्यानं तिचं खुपणं कमी झालं असं नाही.

भावंडांत पूर्वीचा जिव्हाळा परतला का? तसा नाही. बोलणं कमी झालंय, भांडणं वाढलीत. आई साईन शिकते आहे. बोटं आखडतात, खुणा अर्ध्यावर सुटतात, पण चुकली की समीर थांबवून पुन्हा करायला लावतो. त्यात तो जरा जास्तच कडक आहे, असं मला वाटतं.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधी रुग्णालयाकडून. 'कुटुंबाला पूर्ण कल्पना दिली' अशी नोंद करणाऱ्यानं समीरला एक प्रश्न विचारायला हवा होता: तुम्हाला काय समजलं ते सांगाल? दोन मिनिटांचं काम. बारा मिनिटांचं बोलणं तीन वाक्यांत संपलेलं खोलीतल्या प्रत्येकानं डोळ्यांनी पाहिलं होतं.

दुसरं, जनुकीय अहवाल देताना. शलाकाला चाराचं आणि तीनाचं गणित नीट समजावलं गेलं, पण 'तुम्हाला आजवर काय वाटत होतं?' हे कुणी विचारलं नाही. अशा घरांतल्या ऐकणाऱ्या भावंडांपाशी एखादी खासगी कथा बहुतेक वेळा असते: पडलो, ढकललं, ताप माझा लागला, मी नको म्हटलं होतं. लहानपणी मूल स्वतःला सगळ्याचं कारण समजतं, आणि विषयच निघाला नाही तर ते गणित मोठेपणीही तसंच राहतं.

तिसरं थोडं वादाचं आहे. शलाकाला आधी भेटायचं की समीरला? ती आली म्हणून तिच्यापासून सुरुवात झाली. काही सहकाऱ्यांच्या मते वडिलांच्या आजाराबद्दल अंधारात ठेवला गेला तो समीर, म्हणून पहिली वेळ त्याची असायला हवी होती. मला हा आक्षेप निम्मा पटतो. मात्र ताईनं शोधलेल्या समुपदेशकाकडे तो तेव्हा आला असता का, याबद्दल मी साशंक आहे. ग्रुपवरच्या ओळीत त्यानं तेच तर नाकारलं होतं.

अजून न सुटलेलं

आईनं कुठे राहायचं यावर सध्या वाद आहे. समीरला ती आपल्याकडे हवी. शलाकाचं म्हणणं, रात्री तिला काही झालं, तिनं हाक मारली तर? समीरनं तिला उशीखाली ठेवायच्या थरथरत्या गजराची आणि दिव्याच्या घंटीची माहिती पाठवली. तिनं ती उघडून पाहिली नाही. यावर तो उघडपणे भडकला, तिनंही तितक्याच जोरात उत्तर दिलं.

पुढच्या कौटुंबिक बैठकीला दुभाषी येणार आहे. तिचे पैसे शलाकानं परस्पर भरून टाकले होते. समीरनं निम्मी रक्कम तिच्या खात्यावर पाठवली. तिनं ती परत केली, त्यानं पुन्हा पाठवली. तिसऱ्या वेळी तिनं ठेवून घेतली.